नेपाळातली कावीळ अन राहिलेली लुंबिनी

ऊन लागलं

पहिले मले वाटलं का मले ऊन लागलं. नेपाळात, डोंगरावर, आंगात दोन स्वेटर असताना.

हसू नोका. आमी वऱ्हाडातले लोकं. आमच्या अमरावतीत माणसाले चक्कर आली का ऊन, उलटी झाली का ऊन, अन पोट्टा नापास झाला तरी त्याले पेपरच्या दिवशी ऊन लागलेलं असते. तवा डोकं जड पडलं, तोंड कडू झालं अन लघवी चहाच्या रंगाची व्हाले लागली, तसं मी संगतच्या सुखदेवले म्हटलं, "अबे, मले ऊन लागलं वाट्टे."

त्यानं वर पाह्यलं. सगळं ढगानं भरलेलं. म्हणे, "कोणतं ऊन बे? तू घरून बांधून आणलं काय?"

हे मी राजापेठेतल्या घरी बिछान्यावर पडल्या पडल्या लिहून राहिलो. उठाले अजून मनाई हाये. लिहाचं कारण एवढंच का घरापासून दूर कोणाले असं झालं, अन पुढं जाव का परत फिराव यात तो अडकला, तं त्याले कळाव का आपल्या आधी एक जण असाच अडकला होता अन तो अजून जिता हाये.

माहं नाव वसंता. शाळेपासून माही ओळख म्हणजे नकला. हेडमास्तर छडी मारायच्या आधी चष्मा कसा पुसत, ते मी त्याइच्याच खुर्चीत बसून करत होतो. माहे बाबा भिक्षुकी करतात. सत्यनारायणाच्या चौथ्या अध्यायात त्याइले डुलकी आली का आवाज कसा खाली खाली जाते, ते तं मी बाबाच्या देखत करतो. सुखदेव अकोल्याचा, जठारपेठेतला. आमी अमरावतीले कॉलेजात एका बाकावर होतो. तो आता पोस्टात कारकून हाये. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली बुद्धाचा धम्म घेतला, तवापासून त्याच्या मायच्या मनात एकच गोष्ट. लुंबिनी. भगवान जिथं जन्मले ते गाव.

तर सुखदेवनं मोठी सुट्टी काढली. अशी सुट्टी पुन्हा कवा भेटन ते साहेबच जाणे. लुंबिनी नेपाळात असली तरी गोरखपूरवरून एक लहान गाडी तिच्या अगदी जवळ जाते, पण ते मले मिळमिळीत वाटलं. मी म्हटलं, "बुद्ध काय गाडीनं हिंडले?" अन बेत असा केला का रक्सौलवरून ट्रकनं काठमांडू, तिथून पाठीवर पिशव्या घेऊन डोंगराडोंगरानं पायी पोखरा, अन पोखऱ्यावरून पायीच खाली लुंबिनी. त्याची माय बाकी घरीच राह्यली. तिचे गुडघे धरलेले. ती सुखदेवले म्हणे, "तुह्या डोयानं पाहून ये, अन मले सांगजो."

चटणी अन तेल

माह्या मायनं जवसाच्या चटणीचा मोठा डबा दिला होता अन संगं तेलाची बाटली. चटणीत बोटानं खड्डा कराचा, त्यात कच्चं तेल ओताचं अन भाकरीसंगं हाणाचं. भाकर नसली तं भातासंगं. एवढं असलं का वऱ्हाडी माणूस चंद्रावरही राहीन.

काठमांडूच्या धरमशाळेत माही भूक मेली. सुखदेवनं मले निरखून पाह्यलं अन म्हणे, "तुह्या आंगात ताकद नाई. तेल खाय."

मी खाल्लं. उलटी झाली.

"खाली पोट होतं म्हणून झाली. अजून खाय."

अजून खाल्लं. असं आमचं औषधपाणी चालू होतं. त्यानं स्वतःच्या वाट्याचं तेलही मले वाढलं, हे त्याच्या बाजूनं सांगाले पाहिजे.

तशातच आमी त्रिशूलीच्या वाटेनं पायी निघालो. पहिला दिवस कसाबसा निघाला. दुसऱ्या दिवशी एका चहाच्या टपरीपुढं मी बाकड्यावर आडवा झालो तं उठाचं नावच नाई. पाठीवरची पिशवी कोणी दगडानं भरली असं वाटून राहिलं होतं. तेवढ्यात एक गोरा आला. लाल दाढी, माह्याहून दुप्पट पिशवी. टपरीपुढं चिखल होता, तो घसरून बुडावर पडला, अन पडल्या पडल्या चहावालीले हात जोडून म्हणे, "नामास्टे."

सुखदेव हसला अन त्यानं माह्याकडं पाह्यलं. वाट पाहत. मी डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळानं त्याचा आवाज आला. "वसंता, तूनं त्याची नक्कल नाई केली."

"मंग करीन."

"मंग नाई. आता कर."

"जाऊ दे न बे."

तो उठून माह्याजवळ आला. "माह्याकडं पाय. इकडं, उजेडाकडं." मी डोळे उघडले तं त्याचं तोंडच उतरलं. म्हणे, "हळद टाकल्यावानी झाले तुहे डोये."

दोघांच्या जवळ आरसा एक, तोही दाढीचा, तडकलेला. त्यात मी पाह्यलं. ते डोळे माहे नव्हते. मी आजवर शंभर लोकांचे चेहरे माह्या चेहऱ्यावर आणले असतीन, पण हा कोणाचा, ते मले कळलं नाई.

दवाखाना

धरणाच्या कामाचा एक ट्रक काठमांडूले परत जात होता. त्याच्या मांगं, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर झोपून मी सरकारी दवाखान्यात आलो. डॉक्टर नेपाळी होते पण पाटण्याले शिकलेले. हिंदीत बोलत. माहं पोट दाबलं, उजव्या बरगडीखाली बोट गेलं तसा मी ओरडलो.

"खाने में क्या लेते थे?"

सुखदेव मोठ्या अभिमानानं म्हणे, "जी, चटणी और कच्चा तेल."

डॉक्टरनं चष्मा काढला. "कच्चा तेल? रोज़?"

"जी, ताकत के लिए."

"आप इनके दोस्त हैं?"

"जी."

"तो दुश्मन कैसे होते होंगे?"

एरवी हा डॉक्टर, त्याचं पाटण्याचं हिंदी, चष्मा काढाची ढब, हे सगळं मी रात्रीच्या जेवणाआधी बसवलं असतं. पण त्यानं पुढं जे सांगतलं ते आधी आंगावर आलं. कावीळ हाये. लिव्हर सुजलं हाये. याले दवा नाई. आराम, ग्लुकोजचं पाणी, उकडलेलं खाणं, अन वाट पाहणं.

"दवा नाई" हे शब्द फार वाईट असतात. गोळी कडू असो, सुई लागो, पण काहीतरी देऊन राहिले असं वाट्टे. इथं फक्त झोपाचं अन आपल्या नखांकडं पाहाचं, का आज जास्त पिवळे हायेत का काल होते. मी दिवसातून किती वेळा पाहत होतो ते विचारू नोका.

वॉर्डात सकाळी झाडू लागे, मंग थर्मामीटर, मंग ग्लुकोज. नातेवाईक खाटांखाली झोपत. माह्या खाटेखाली सुखदेव. बाजूच्या खाटेवर एक म्हातारा होता, फौजेतून निवृत्त झालेला. तोही माह्यासारखाच पिवळा, अन माह्याहून जास्त. पण आवाज असा का वॉर्ड दणाणे. तो जवानीत आमच्या नागपूरजवळच्या कामठीच्या छावणीत होता, म्हणून मले "ए नागपूर" म्हणे. मी सांगतलं का मी अमरावतीचा, तं म्हणे, "संतरे तो वहीं के अच्छे हैं," अन त्यानं आपल्या नेपाळी संत्र्याची सालं काढून मले अर्धं दिलं. आंबट होतं. पण त्या आठवड्यात पोटात राह्यलेली ती पहिली गोष्ट. तो रोज अर्धं देई. अन रोज म्हणे, "हम दोनों में पहले कौन गोरा होता है, देखते हैं."

एका सकाळी मले जाग आली तं त्याची खाट रिकामी. चादर नवीन, ताणून लावलेली. खाली झोपणाऱ्या त्याच्या बुढ्या बायकोचं गाठोडंही नव्हतं.

मी सुखदेवले विचारलं, "कुठी गेले?"

"घरी गेले."

"तूनं पाह्यलं जाताना?"

"गेले म्हटलं न, घरी."

त्याच्यावर मी दुसऱ्यांदा विचारलं नाई. आजपर्यंत नाई विचारलं.

जाय म्हणणं

त्या दिवशी मी डॉक्टरले म्हटलं का मले घरी जाचं हाये. ते म्हणे, दोन वाटा हायेत. एक तं इथंच महिनाभर पडून राहा. नाईतर आताच निघा, जवर बसता येते तवर, पण सरळ घर, अन पायी एक पाऊल नाई. मंग त्याइनं सुखदेवले बाजूले नेऊन काहीतरी सांगतलं. मी कान टवकारले पण ऐकू आलं नाई.

सुखदेव खाटेवर येऊन बसला. मी म्हटलं, "तू लुंबिनीले जाय. मी एकटा जातो."

"हाव, जातो."

"मजाक नाई करत. तुही सुट्टी मोठ्या मुश्किलीची हाये. मले रक्सौलले गाडीत बसवून दे, मी पडून राहीन. पुढं माहं मी पाहीन."

"हाव, अन तुह्या बाबाले मी काय सांगू? पंडितजी, तुमचं पोरगं पार्सलनं येऊन राहिलं, अमरावतीले उतरवून घ्या?"

"मी खरंच म्हणतो, जाय."

मी तोंडानं जाय जाय म्हणत होतो, अन आतून एकच भेव होतं का हा आता खरंच उठला तं? आजारी माणूस चांगला नसते. तो फक्त आजारी असते. हे मले तिथं कळलं, अन कोणी आजारी माणूस तुमाले "जाय" म्हणत असन तं त्याच्या हाताकडं पहा. माह्या हातात त्यावेळी सुखदेवच्या सदऱ्याचं टोक होतं. मी ते धरून ठेवलं होतं ते मलेच माहीत नव्हतं. त्यानं पाह्यलं. अन बसल्या बसल्या माही पिशवी बांधाले घेतली.

रक्सौलवरून गाडीत बसलो तवा कळलं का डॉक्टरनं त्याले काय सांगतलं होतं. याले जास्त झोप याले लागली, हा असंबद्ध बोलाले लागला, तं समजा का विष डोक्यात चढलं. मंग जवळ जो दवाखाना असन तिथं उतरवा. आता मी मूळचाच असंबद्ध बोलणारा. त्यात फरक कसा ओळखाचा? तवा सुखदेवनं त्याची एक परीक्षा काढली. मी डोळे मिटले का तो मले हलवे.

"हेडमास्तर."

"झोपू दे बे."

"हेडमास्तर कर पहिले."

मंग मी पडल्या पडल्या चष्मा पुसायचो. "वसंतराव, उभे रहा. तुमचे तीर्थरूप काय करतात?"

"बरं. आता तुहे बाबा. चौथा अध्याय."

मी चौथा अध्याय करायचो. डब्यातले लोक हसत. एका पोराच्या आईनं तं पुन्हा कराले लावला. सुखदेव हसत नव्हता. तो माह्या तोंडाकडं असा पाहे, जसा साहेब पोस्टात सह्या ताडून पाहते. आवाज बरोबर लागला, मधात शब्द चुकला नाई, का मंग म्हणे, "झोप आता." अन तासाभरानं पुन्हा हलवे. जन्मभर लोकांनी मले म्हटलं होतं का बंद कर तुह्या नकला. त्या प्रवासात मी त्या भेवानं केल्या. एखादी नक्कल नाई जमली तं? गोरखपूरच्या अलीकडं मी चहावाल्याचा आवाज काढाले गेलो तं निघालाच नाई, घसाच कोरडा पडला होता. सुखदेवनं पाणी पाजलं अन म्हणे, "आता पुन्हा काढ."

गोरखपूर

गोरखपूरले गाडी बदलाची होती. सकाळची वेळ. सुखदेवनं मले फलाटावर वळकटीवर झोपवलं, पिशव्या उशाशी ठेवल्या अन म्हणे, "उकडलेले बटाटे भेटतात का पाहतो."

फलाटावर हमाल ओरडून सांगत होता का पलीकडं नौतनव्याची गाडी लागली. नौतनवा म्हणजे सरहद्द. तीच गाडी. तिच्यात बसलं का लुंबिनी.

सुखदेव आला नाई. आमची लखनौची गाडी अजून याची होती, पण बटाट्याले एवढा वेळ लागत नाई. मी मान वर करून पाहाचो अन मान आपोआप खाली जाची. मले वाटलं, तो गेला. मंग वाटलं, बरंच झालं, मीच तं सांगतलं होतं. मंग वाटलं, मले झोप येऊन राहिली हाये, अन हलवाले कोणी नाई. मी स्वतःच हेडमास्तर कराले लागलो, हळू आवाजात. बाजूचा एक हमाल उठून दूर जाऊन बसला.

पलीकडची शिटी झाली. ती गाडी निघाल्याचा आवाज मी शेवटच्या डब्यापर्यंत ऐकला.

अन मंग सुखदेवचे पाय दिसले. हातात पानाच्या द्रोणात बटाटे.

"इतका वेळ?" मी म्हटलं.

"बटाटे भेटले तवाच भेटले. मंग ती गाडी पाहून आलो."

"अन?"

"अन काय. पाह्यली. चांगली हाये गाडी." त्यानं बटाटा सोलला, मीठ न लावता माह्या तोंडात दिला. म्हणे, "चाव. हेडमास्तर नंतर."

जठारपेठ

अमरावती गाठाले अकोल्याच्या पुढं जाव लागते. ते माह्यानं झालं नाई. अकोल्याले उतरलो तं पाय जमिनीले लागत नव्हते. सुखदेवनं रिक्षात घालून मले जठारपेठेत आपल्या घरी नेलं. त्याच्या मायनं दारातच आमाले पाह्यलं, दोघंही वाळलेले, अन एक पिवळा. काईच विचारलं नाई. खाट टाकली अन उसाचा रस आणाले पाठवलं.

मी तिले मावशी म्हणतो. मले रोज वाटे का आज मावशी विचारीन, लुंबिनी कशी होती. ती विचारत नव्हती. भेव काविळीचं कमी अन याचं जास्त झालं.

तार गेली तसे माहे मायबाप अमरावतीवरून आले. माय आल्या आल्या खाटेवर बसली अन मावशीच्या हातातून मुगाच्या पाण्याची वाटी घेऊन मले पाजाले लागली. बाबा अंगणातच उभे. सुखदेवनं पाणी आणलं तं म्हणे, "राहू दे, तहान नाई." दुपारी एप्रिलचं ऊन, बाबा झाडाखाली, अन तहान नाई. हे मी नंतर सुखदेवले करून दाखवलं तं तो हसला नाई, अन मीही मंग थांबलो. दुसऱ्या दिवशी बाबा आपणच दारात आले. मावशी चुलीजवळ होती. म्हणे, "बाई, पाणी द्या थोडं." मावशीनं गडवा भरून दिला. म्हणे, "हे कालचं का आजचं?" बाबानं उभ्यानंच गडवाभर पाणी पिलं अन म्हणे, "दोन्ही."

त्या आठवड्यात एक जण कावीळ उतरवणारा आला. त्यानं माह्या हाताले काहीतरी चोळलं, चुन्याच्या पाण्यात हात धुतले, तं पाणी पिवळं. म्हणे, पाहा, निघून राहिली. मी म्हटलं, आता बाबाचे धुवा. बाबाचंही पिवळं निघालं. सुखदेवचंही. त्या कावीळवाल्यानं सामान गुंडाळलं. ज्याले कावीळ झाली त्यानं हे करून पाहाव, पण आधी घरातल्या निरोग्या माणसावर.

मंग अकोल्याच्या डॉक्टरनं तपासलं, रक्त पाह्यलं, म्हणे कावीळ उतरून राहिली हाये. मंग मले धीर आला. मावशी दुपारी मुगातले खडे निवडत बसली होती. सुखदेव सायकलचं पंक्चर काढत होता. त्याची सुट्टी संपली होती, दुसऱ्या दिवशी हापिस.

मी म्हटलं, "मावशी, लुंबिनी राहिली. माह्यामुळं."

"माहीत हाये मले. तुमचे तोंडच सांगत होते." ती खडे निवडतच होती. "ते गाव अडीच हजार वर्षं झाले तिथंच हाये. तू नसता राह्यला."

मंग तिनं सुखदेवले विचारलं, "तिथी जवळ कुठवर गेले होते तुमी?"

"गोरखपूर. तिथून गाडी जाते. ती पाह्यली मी."

"कशी होती?"

सुखदेवनं हातातला टायर खाली ठेवला. "लहान. सात-आठ डबे. गर्दी होती. एक भंते होते खिडकीजवळ. बायका होत्या, लेकरं घेऊन."

"बुढ्या?"

"होत्या न. एकीले तं दोघांनी उचलून चढवलं. मीच हात दिला."

मावशीनं सूप बाजूले ठेवलं. "म्हणजे गाडी जाते."

"हाव. अगदी जवळवर जाते. मंग बैलगाडी, नाईतर टांगा."

"डोंगर?"

"नाई. सपाट हाये सगळं."

ती आमाले दोघाले पाहत राहिली, पहिले त्याले अन मंग मले. म्हणे, "वर्षभर तुमी माह्यापुढं नकाशा पसरून डोंगर मोजत बसले. मी म्हटलं, माह्या गुडघ्यानं ते होणार नाई, पोट्टे पाहून येतीन. अन तिथी गाडी जाते. बुढ्या चढून राहिल्या. तुमच्यापैकी एकालेही वाटलं नाई का मायले सांगाव?"

सुखदेव माह्याकडं पाहून राहिला. मी छताकडं.

"दिवाळीनंतर मी जातो," ती म्हणे. "याले सुट्टी भेटो का न भेटो."

मी हळूच म्हटलं, "मावशी, मी येऊ?"

"यावच लागन. माही वळकटी कोण उचलन? तू पहिले उभा होय."

मले अमरावतीले आणलं त्याले आता बरेच दिवस झाले. सकाळी उठल्याबरोबर मी अजूनही आरशात डोळे पाहतो, अन पाहाच्या आधी ते एकदा घट्ट मिटून घेतो. ही सवय जाईन का नाई, माहीत नाई. परवा डॉक्टर येणार हायेत. माय त्याइले तेल कवा खाऊ द्याचं ते विचारणार हाये. मले एकच विचाराचं हाये, का दिवाळीपर्यंत या हातानं एका बुढीची वळकटी उचलली जाईन का.